अक्कांचं अत्तर

मावशी,

तुला वाचता येत नव्हतं. त्यामुळे तू असतीस तरी हे पत्र मलाच तुझ्यापुढे बसून वाचून दाखवावं लागलं असतं, आणि तू मध्येच "बास कर गं, भाकर करपायली" म्हणून उठून गेली असतीस. आता तू उठून जाऊ शकत नाहीस, एवढाच काय तो फायदा. तू जाऊन इतकी वर्षं झाली की झरीत तुझा विषय निघाला तर नव्या सुना विचारतात, कोण त्या? मग कुणीतरी सांगतं, ती नाही का, दुसरेपणावर आलेली. मेल्यावरही तुझा नंबर दुसराच राहिला. मला त्याचा राग येतो, पण दर वेळी कुणाकुणाशी भांडणार? म्हणून तुझ्याशीच बोलायला बसलेय.

तुझ्याबद्दलची माझी पहिली आठवण म्हणजे तुझं तोंड नव्हे, तुझ्या गळ्यातला टाक. आई गेली तेव्हा मी जेमतेम चालायला लागले होते, आणि तू आलीस तेव्हा चार वर्षांची असेन. काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा टाक, नखाएवढा, त्याच्यावर एका बाईची आकृती. नवऱ्याची पहिली बायको गेलेली असली की दुसरीनं तिचा टाक गळ्यात घालायचा, म्हणजे ती शांत राहते, हे मला पुढं कळलं. तेव्हा आत्यानं फक्त बोट दाखवून सांगितलं होतं, "ही बघ तुझी आई." मला वाटलं, मेल्यावर माणूस एवढंसं होतं आणि दुसऱ्याच्या गळ्यात राहायला जातं. म्हणून मी सारखी तुझ्या मांडीवर चढायचे, टाक हातात धरून बघत बसायचे. लोक म्हणायचे, पोरगी काय लवकर लळा लावून घेतली हो. लळा कसला, मी आईला भेटायला येत होते.

आणि तू तिला किती मान द्यायचीस! नवं लुगडं आलं की आधी टाकाला लावायचीस, मग नेसायचीस. नवी बांगडी, पहिला आंबा, सणाची पहिली पोळी, सगळं आधी टाकापुढं. "घ्या अक्का," म्हणायचीस आणि क्षणभर थांबायचीस, जणू समोरचीनं घेतल्याशिवाय आपण कसं घ्यायचं. तू माझ्या आईला जन्मात कधी पाहिलं नव्हतंस. तरी चुलीपाशी एकटी असलीस की तुझं बारीक आवाजात चालू असायचं, औंदा ज्वारी लागली म्हणून, पोरीला ताप आलाय म्हणून, ह्यांनी पुन्हा बैल बदलला म्हणून. मी आपल्या घरात दोन बायकांच्या बोलण्यात वाढले, फक्त त्यातल्या एकीचं ऐकू यायचं नाही. लहानपणी मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आता रात्री लाईट घालवली की ते आठवतं आणि मी पुन्हा लावते.

पितृपंधरवड्यातल्या नवमीला तर तू दुपारपर्यंत पाणीही प्यायची नाहीस. नवऱ्याच्या आधी, सवाष्ण गेलेल्या बाईची ती नवमी. खीर, वडे, कढी, भोपळ्याची भाजी असं सगळं रांधून तू आतल्या खोलीत पान मांडायचीस, पाट ठेवायचीस, आणि दार ओढून घेऊन बाहेर ओसरीवर येऊन बसायचीस. अण्णा, मी, तू, तिघं गप्प. आत कुणीतरी जेवतंय आणि त्याला घाई होऊ नये, अशा रीतीनं बसलेलो. मग तू उठून दार उघडायचीस, पान बघायचीस आणि म्हणायचीस, "जेवल्या." मला दर वर्षी वाटायचं की खीर थोडी कमी झालीय. आपलं मांजर त्या वेळी नेमकं कुठं असायचं, हे मी कधी शोधून बघितलं नाही. त्या पानावरचा पहिला घास तू मला तुझ्या हातानं भरवायचीस. तुझ्या बोटांना त्या दिवशी नेहमीचा कांदा-लसणाचा वास नसायचा. पानाच्या शेजारी काचेची एक बुटकी बाटली असायची, तिच्यातला थेंब तू कापसावर घेऊन टाकाला लावलेला असायचा. बाटलीला हात लावायला गेले की चापट बसायची. "अक्कांची हाय ती." पुढं ती बाटली कोरडी पडली. तरी तू दर नवमीला ती रिकामी बाटली पुसून पानाशेजारी ठेवत राहिलीस.

गावानं मला माझं असं काही ठेवलंच नव्हतं. म्हाताऱ्या बायका हनुवटी धरून म्हणायच्या, "थेट आईवर गेली बया." केस मोकळे सोडले तर अण्णा मान फिरवायचे. आईचे डोळे, आईची चाल, आईसारखा आवाज. मी ज्या बाईला धड बघितलंही नाही, तिची नक्कल करत मी गल्लीतून हिंडत होते म्हणे. दहावीत असताना मैत्रिणीनं दिलेली वासाची पावडर मानेला चोपडून मी संध्याकाळी मारुतीला निघाले, तेव्हा तू मला दंडाला धरून न्हाणीत नेलंस आणि मान घासून धुतलीस, अंगावर लाल वळ उठेपर्यंत. "तिनीसांजेला वास लावून हिंडू नाई. वासावर कुणीबी येतंय." मी तुला तेव्हा मनातल्या मनात काय काय म्हटलं, ते इथं लिहीत नाही. 'सावत्र' हा त्यातला सगळ्यात सौम्य शब्द होता.

म्हणून परभणीला लॅबमध्ये नोकरी लागली तेव्हा मला पहिलं काय हवं होतं तर स्वतःचा वास. हसू नकोस. दिवसभर रक्ताच्या नळ्या, स्पिरिट, फिनेल, आणि खोलीवर आलं की अंगाला तेच. आमच्या लॅबच्या डॉक्टरीणबाईंचं कसलं तरी सेंट होतं, जिन्यात त्यांच्या पायांचा आवाज येण्याआधी वास यायचा आणि आम्ही सगळ्याजणी मान खाली घालून कामाला लागायचो. मला तसं हवं होतं. मी यायच्या आधी मी आलेय हे कळावं आणि त्या कळण्यात माझ्या आईचा काही संबंध नसावा. तोंड आईचं होतं, ते बदलता येत नव्हतं. वास तरी आपला निवडू, असा माझा हिशेब.

थंडी सरता सरता परभणीचा उरूस भरतो, तिथं मी खोलीवरच्या मैत्रिणीबरोबर गेले. पाळणे, बांगड्या, खाजा-मिठाई यांच्या पलीकडं अत्तरांची दुकानं लागलेली. मैत्रीण म्हणत होती, मेडिकलमधून एक स्प्रे घे आणि मोकळी हो. पण एका दुकानात बसलेल्या चाचांनी आमचे हात धरायचेच बाकी ठेवले होते, इतके ते बोलघेवडे. काडीनं मनगटावर एकेक लावत गेले आणि मी नाक मुरडत गेले. गुलाब लावला, तर लग्नाच्या मांडवात दारात उभी आहे असं वाटलं. मोगऱ्याला गजऱ्याचा वास, केवड्याला साखरभाताचा. खस लावला तेव्हा मैत्रीण म्हणाली, "अगं, हा तर आमच्या कूलरचा वास!" चाचा जरा दुखावले. मग त्यांनी मागची एक बाटली काढली, काळपट तपकिरी. "हिना है. ये जल्दी नक्को सूंघो, जरा बैठने दो." मी थांबले. मग हात नाकाशी नेला. त्याला काय म्हणायचं ते मला कळेना. मातीचा म्हणावा तर मातीचा नाही, मसाल्याचा म्हणावा तर तोही नाही. उबदार होता, आणि मला एकदम झोप आल्यासारखं झालं, एवढ्या गर्दीत, उभ्या उभ्या. चाचा माझ्या तोंडाकडं बघत होते. "ये तो तुमारे घर की खुशबू है बेटा. नाक पहचान ली." विकणारा माणूस येईल त्याला हेच सांगत असणार. तरी माझ्या मानेवर काटा आला. मी ती बाटली घेतली.

त्याच शनिवारी मी गावाकडं निघाले. तुला दाखवायचं होतं, खरं तर तुला चिडवायचं होतं. बस निघायच्या आधी कानात फाया घातला, ओढणीला बोट पुसलं. झरीला उतरले तेव्हा दिवस मावळला होता आणि लोडशेडिंग. अण्णा मळ्यात होते. मी आपल्या त्या दोन खोल्यांचं दार ढकललं, चपला काढल्या आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी आले. तू चुलीसमोर बसलेली आहेस. तुझी पाठ माझ्याकडं, भाकरी थापण्याचा आवाज चाललेला. 'मावशी, आले गं' म्हणायला मी तोंड उघडते, तेवढ्यात थापणं थांबतं.

तू मागं बघितलं नाहीस. पिठाच्या हातानंच पदर ओढून डोक्यावर घेतलास. घरात आपण दोघीच असलो की तू कधी डोक्यावर पदर घ्यायची नाहीस.

"अक्का, तुमी आलाव?"

मला वाटलं, थट्टा करतेय. पण तू मला जन्मात कधी 'तुमी' म्हटलेलं नव्हतंस. तू तशीच न वळता हात मागं नेऊन पाट सरकवलास. "बसा." आणि मी बसले. का बसले ते मला आजही सांगता यायचं नाही. हातातली पिशवीसुद्धा खाली ठेवली नव्हती, ती मांडीवर घेऊन बसले.

"आज नवमी न्हाई, काई न्हाई, कसं काय येणं केलाव? बाटली कोरडी ठिवली म्हणून रागावलाव का? ह्यायला दर बारीला सांगायले, परभनीला चाललाव तर आणा. इसरतेत." मग म्हणालीस, "पोरगी तुमची नोकरीला लागली. लोकायचं रगत तपासती. म्या तिला काय कमी केलं न्हाई अक्का. मारलं कवामवा, ते तुमाला त्याच टायमाला सांगितलं व्हतं. लय गुणाची हाय. तोंडानं फटकळ हाय, आता ती तुमच्यावर गेली का माझ्यावर, देवाला ठाऊक."

तोंडावर तू माझं एकदाही कौतुक केलं नव्हतंस, मावशी. एकदाही. मी तिथं बसून ऐकत होते आणि मला रडू यायला हवं होतं, पण मला भीती वाटत होती, कारण तू ते ज्या बाईला सांगत होतीस ती जिथं बसली होती तिथं मी बसले होते. तव्यावरून धूर निघायला लागला होता. तुझं तिकडं लक्ष नव्हतं. तुझ्या बोटांवरचं पीठ वाळत चाललं होतं.

मग तू आवाज आणखी खाली घेतलास.

"तुमचं लेकरू म्या सांभाळलं. माझं तुमच्यापाशी हाय न्हवं?"

मला एवढंच माहीत होतं की तू आलीस त्या पहिल्या वर्षी काहीतरी 'गेलं' होतं. त्या दिवसांत मला आत्याकडे येलदरीला धाडलं होतं. आत्याचे यजमान तिथं धरणाच्या पॉवर हाऊसवर होते. मी परत आले तेव्हा तू भिंतीकडं तोंड करून निजलेली होतीस, आणि त्यानंतर घरात कुणी त्याबद्दल बोललं नाही. तुला पुन्हा दिवस गेले नाहीत.

"काय व्हतं ते, यवढं तरी सांगा," तू म्हणत होतीस. "मला कुणी दावलंच न्हाई. इचारलं तर म्हणायचे, इसर आता. कसं इसरू अक्का? काय इसरायचं तेच ठाऊक न्हाई. पोरगं व्हतं का पोरगी?"

मी सांगणार होते की मावशी, मी आहे गं, इकडं बघ. शप्पथ सांगते, हेच शब्द माझ्या जिभेवर होते. आणि मला ऐकू आलं, "पोरगी हाय. माझ्यापाशी निजलीय."

आवाज माझाच होता. म्हणजे लोक ज्याला आईचा म्हणतात तो. मी विचार करून बोलले नाही, अंदाज केला नाही, तुला बरं वाटावं म्हणूनही म्हटलं नाही. ते वाक्य माझ्या तोंडून गेलं आणि मग मला कळलं की ते गेलं. तुझे खांदे खाली आले, डोक्यावरचं ओझं उतरवलेल्या बाईचे येतात तसे.

"बरं," तू म्हणालीस. "मग उठवू नगा तिला."

आणि करपलेली भाकरी तव्यावरून काढून बाजूला टाकलीस, नवा गोळा घेतलास.

लाईट आली तेव्हा मी अजून पाटावरच होते. तू वळलीस, माझ्याकडं बघितलंस, डोळ्यांत काही म्हणजे काही नाही. "कवा आलीस गं? आवाज तरी द्यायचा. पाणी पे." पदर खांद्यावर आला होता. मी तुझ्याजवळून रांजणाकडं गेले, मुद्दाम अगदी जवळून. माझ्या ओढणीचा वास सगळ्या स्वयंपाकघरात भरलेला होता, माझं मलाच सोसवत नव्हतं, आणि तुला तो येत नव्हता. तू विचारलंही नाहीस. संध्याकाळी वास लावून आले म्हणून शिवीसुद्धा दिली नाहीस. ह्याची मला त्या पाटापेक्षा जास्त धास्ती वाटली. मी न्हाणीत जाऊन कान, मान, मनगटं धुतली. हिना पाण्यानं जात नाही, हे मला चाचांनी सांगितलंच होतं, फक्त मी ते कौतुक म्हणून ऐकलं होतं.

परभणीला परतल्यावर मी ते अत्तर एकदोनदा लावून बघितलं. लावलं की मी बोलायला कचरायचे. कुणी काही विचारलं की आधी थोडं थांबायचे, माझ्याआधी दुसरं कुणी उत्तर देतंय का ते बघायला. मैत्रीण म्हणाली, हे लावलंस की तू म्हातारी होतेस. मी बाटली रुमालात गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी टाकली आणि मेडिकलमधून स्प्रे आणला. स्वतःचा वास निवडण्याचा माझा सोहळा असा संपला.

तुझ्यात मात्र फरक पडला. तुझं चुलीपाशी बोलणं थांबलं नाही, पण त्यातली विनवणी गेली. पुढच्या नवमीला मी मुद्दाम रजा काढून आले. तू पान मांडलंस, पाट ठेवलास, आणि मग कमरेच्या पिशवीतून कागदाची पुडी काढून पानाच्या कडेला चार चिमुकल्या बांगड्या ठेवल्यास, हिरव्या, तान्ह्या लेकराच्या हातात जातील एवढ्या. शेजारी दुधाची वाटी. अण्णा दारात उभे होते. त्यांनी त्या बांगड्या बघितल्या आणि भिंतीला हात टेकला. मग ते बाहेर गेले आणि त्या दिवशी ओसरीवर आपण दोघीच बसलो. "जेवल्या," तू दार उघडून म्हणालीस. मग हसून म्हणालीस, "दोघीबी." तुला इतकं मोकळं हसताना मी क्वचितच पाहिलं होतं.

तू गेलीस तेव्हा अण्णा होते, म्हणजे तुझंही सवाष्णपणाचं जाणं झालं. बायकांनी तुला न्हाऊ घातलं, हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला, ओटी भरली. आत्या मला म्हणाली, "काही अत्तर-बित्तर असंल तर लाव गं पोरी, लेक हायस तू." परभणीहून घरी आणून ठेवलेल्या ट्रंकेतून मी रुमाल काढला. बाटली उघडली, वास आला, आणि माझा हात अडला. हे अक्कांचं. आयुष्यभर हिनं ते स्वतःच्या अंगाला लावलं नाही. आता एवढ्या लांबच्या वाटेला निघालेली, अंगाला अक्कांचा वास आला तर बिचारी वाटेत घाबरेल. मी बाटली बंद केली आणि तुला शेजारणीकडचा मोगरा लावला.

तुझे दिवस झाल्यावर एका दुपारी मी आणि अण्णा मळ्यात बसलो होतो. मी सहज म्हटलं, अण्णा, आई हिना लावायची ना? ते माझ्याकडं बघतच राहिले. "कोण, तुझी आई? तिला कसल्याबी वासाचं वावडं व्हतं. उदबत्ती लावली तरी डोस्कं धरून बसायची. ती काय अत्तर लावतीय!"

"मग ती बाटली?"

"ती तुझ्या मावशीची. वालूरवरून लग्नात घेऊन आलती. तिच्या मामानं हैद्राबादहून आणून दिलती. आली तवा लावायची रोज. आधी वास यायचा, मग ती यायची." अण्णा जरा हसले. बायकोबद्दल असं बोलण्याची त्यांना सवय नव्हती. "मग ते लेकरू गेलं. तिच्या मनानं घेतलं, की आपण सगळं टाकाला दावलं, अन् यवढं अत्तर दावायचं इसरलो. म्हणून अक्कानं लेकरू नेलं. म्या लय समजावलं. ऐकती का? त्या दिवसापासून बाटली अक्काची झाली. पुढं पुढं तर ती खरंच तसं मानायला लागली, का अक्का हेच लावायच्या."

मी मातीत बोट ओढत बसले होते. तुझ्या मांडीवर चढून मी टाक बघायचे, ते दिवस त्याच पहिल्या वर्षातले. उरसाच्या गर्दीत मला झोप आल्यासारखं झालं होतं ते का, ते मला त्या दुपारी समजलं. जगात माझं एकटीचं म्हणून मी जे निवडलं, ते तुझं निघालं.

मग अण्णा म्हणाले, "एक मला कळंना झालंय. त्या वर्षी तिनं नवमीला बांगड्या ठिवल्या. तिला कुणी सांगितलं?"

"काय सांगितलं?"

"पोरगी व्हती म्हणून. सुईणीला म्या शप्पथ घातलती. ती कवाच मेली. लेकराला मी एकट्यानं नेऊन ठिवलं, त्या बांधाच्या अंगाला. तुझ्या मावशीला मुद्दाम सांगितलं न्हाई. पोरगी म्हणलं असतं तर तिनं नाव ठिवलं असतं, अन् मग ती उठलीच नसती अंथरुणातून." त्यांनी डोळे पुसले. "कुणी सांगितलं असंल?"

मी अण्णांना काही सांगितलं नाही. माझं शिकलेलं डोकं म्हणतं, लहानपणी कुठंतरी कानावर पडलं असेल. पण कुणाच्या तोंडून? दोघांनाच ठाऊक होतं, आणि मी तर येलदरीला धरणाच्या भिंतीवरून पाणी बघत होते. फार तर पन्नास टक्के अंदाज, असंही म्हणता येईल. तसं म्हणून बघते मी, आणि मग दुसरी गोष्ट पुढं येते. हिना आईचा नव्हताच. त्या वासावर आई येण्याचं काही कारण नव्हतं, उलट तिनं डोकं धरून पळ काढला असता. मग त्या तिनीसांजेला माझ्या तोंडून बोललं कोण? तू वासावरून ओळखून जिला पाट दिलास, ती कोण होती? कधी कधी वाटतं, ती तुझीच पोर असेल, मोठी होऊन, तुझाच वास अंगाला लावून घरी आलेली. असं वाटलं की मी लगेच उठून काहीतरी कामाला लागते.

आता अण्णाही नाहीत. नवरा गेला की बाईची नवमी थांबते, मग सगळ्यांची मिळून सर्वपित्री. चुलतभावानं मला तसं स्पष्ट सांगितलं, "आता नवमी नको करूस ताई, रीत नाही." मी बरं म्हटलं. परभणीतल्या माझ्या फ्लॅटमध्ये मी नवमी करत नाही. पान मांडत नाही, पाट ठेवत नाही. उरसातून दर वर्षी नवी बाटली आणते, तिथं आता चाचांच्या जागी दुसरंच कुणी बसतं. नवमीच्या संध्याकाळी कानात फाया घालते आणि स्वयंपाकघरात जाऊन बसते.

हे पत्र मी कुठं धाडणार नाही, पण एक कबूल करते. मी ते आईसाठी लावत नाही. तुला तुझंच अत्तर न लावता मी धाडलं, ते न्यायला तू येशील म्हणून लावते. वास घरभर झाला की मला भीती वाटते, मावशी, अजून तेवढीच वाटते. तरी दार उघडंच ठेवते.